तहकूब

सचिवपदाचं हे माझं तिसरं वर्ष.
निवडून आले, असं काही नाही.
चहाचे पैसे द्यायला उठून बाहेर गेले होते,
परत आले तर टाळ्या वाजत होत्या.

रामबागेत एक खोली. किल्ल्या दोन.
एक माझ्या पर्समध्ये, दुसरी बाफनाजींकडे,
जी हरवलेली नाही, फक्त सापडून नाही राहिली.
आत बारा वॉकर, पाच कमोडच्या खुर्च्या
आणि दोन पलंग, ज्यांचं हँडल फिरवलं
की सगळ्या गल्लीला कळतं
कुणाकडे कोण पडून आहे.

सेवा करणारे वेगळे.
ते एम.वाय.त रक्ताच्या रांगेत उभे राहतात,
रात्री अकराला पलंग तिसऱ्या मजल्यावर चढवतात.
मी पावत्या फाडते.
सूचना मिळालीच नाही म्हणणाऱ्याला
सूचना मिळाल्याची त्याची सही दाखवते.
फ्लेक्सवाला दरवेळी शिबिराचं शिविर करतो,
आणि इंदुरात तेही बरोबरच असतं,
म्हणून बिल पास करते.

सभासद पस्तीस. कोरम अकरा.
येतात दहा.
अकरावे विपटकाका, पंख्याखाली झोपलेले.
एकदा कुणीतरी हरकत घेतली.
मी घटना काढून वाचली :
सभासद उपस्थित हवा, असं लिहिलंय.
जागा हवा, असं कुठेच नाही.

मालवा मिलमध्ये टाइमकीपर होते.
मिल गेली, सवय राहिली.
हजेरीपटावर सहीशेजारी वेळ घालायचे, पाच अठ्ठावन्न.
सभा सहाची. इतकी वर्षं, पाच अठ्ठावन्न.
शेवटी शेवटी नातवाचं नाव विसरत,
पण घड्याळ बघून सही नीट, वेळ नीट.
गेल्या वर्षी वर्गणी सात वेळा भरली.
सातही वेळा मी पावती दिली,
सहा वेळा पैसे गुपचूप सुनेच्या हातात.
ऑडिटर म्हणाला, सहा पावत्या रद्द, कारण लिहा.
मी लिहिलं : सभासद उत्साही.

मार्चमध्ये चार नंबरचा वॉकर त्यांनीच नेला.
घेणाऱ्याचं नाव, पत्ता, अनामत, सगळं स्वतः भरलं,
आणि समासात, जिथे रकाना नाही तिथे,
नऊ वाजून दहा.

तीन आठवड्यांनी मुलगा परत घेऊन आला.
धुतलेला. चारही पायांना नवीन रबरं.
मी तारीख टाकली, अनामत मोजून दिली.
तो म्हणाला, राहू द्या.
मी म्हटलं, तसं नाही चालत हो, पावती करावी लागेल.
मग दोघंही जरा वेळ पावतीपुस्तकाकडे बघत राहिलो.

पुढच्या सभेत विषय क्रमांक एक, शोकप्रस्ताव.
मी सह्या मोजल्या. दहा.
पुन्हा मोजल्या.

कलम चौदा :
कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल,
नंतर त्याच जागी भरेल,
तिला कोरमची अट राहणार नाही.

एरवी तहकुबी म्हणजे कोपऱ्यावरचे पोहे,
वरून जिरावण, आणि साडेसहाचे पावणेसात.
त्या दिवशी कुणी उठलं नाही.
पंखा कुणी लावला नव्हता.
त्याच्याखालची खुर्ची कुणी हलवली नव्हती.
नव्यानेच आलेली चौरसियांची ईशा
हळूच म्हणाली, किसका इंतज़ार है, आंटी?
कुणाला तरी खोकला आला.
मी तिच्यापुढे घटनेचं पुस्तक सरकवलं,
पान उघडून.
तिला मराठी वाचता येत नाही
हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

ठराव एकमताने मंजूर.
कार्यवृत्तात सभा पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहायची असते.
भिंतीवर साडेसहा वाजले होते.
मी सहा अठ्ठावीस लिहिलं,
आणि खाली सही केली.

विषय क्रमांक दोन :
कमोडच्या तिसऱ्या खुर्चीचा एक पाय आखूड पडतो,
त्याबाबत.